हाताला येणारे मासे

बेहुइ गेला त्या दिवशी मासे वाढवायच्या केंद्रातल्या सात टाक्यांपैकी एकाच टाकीतले मासे जगले, आणि तेही त्याच्यामुळेच जगले.

ऑगस्टातलं वादळ होतं ते. दोन दिवस पाऊस डोंगराला झोडपत होता. सकाळी दहाच्या सुमाराला वीज गेली, जनरेटर तासभर खोकला आणि गप्प झाला, आणि ओढ्याचं गार पाणी टाक्यांत आणणाऱ्या नळाचं तोंड दगडगोट्यांनी बुजलं. बुनबान ही माशाची जात फार नाजूक. शिकलेले लोक त्याला सॅमन म्हणतात. समुद्राकडे पाठ फिरवून इथल्या उंच ओढ्यांतच राहिलेला सॅमन. पाणी जरा कोमट झालं, जरा थांबलं, की तो तळाशी आडवा होतो. ओढ्यात तो आता काही शेकडेच उरला होता, म्हणून केंद्रात त्याची अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की परत ओढ्यात सोडायची, असं काम चाले. बेहुइ आणि त्याची बायको याबुंग, दोघंही तिथेच कामाला होते.

बेहुइ फावडं घेऊन वर गेला आणि त्याने नळाचं तोंड मोकळं केलं. खाली याबुंग टाक्यांपाशी उभी होती. पाणी आलं, पण बेताचंच. सातांना पुरणार नव्हतं. तिने सहा झडपा बंद केल्या आणि सगळं पाणी शेवटच्या टाकीला दिलं. त्या वर्षीची लहान पिल्लं तिच्यात होती. थोड्या वेळाने पाणी पुन्हा अडलं. बेहुइ पुन्हा निघाला. अंगावरचं पाणी निथळत होतं, तरी जाताना म्हणाला, "आल्याचं पाणी ठेव उकळायला. आलोच."

या खेपेला पाणी आलं आणि येतच राहिलं. बेहुइ आला नाही. वरचा कडा सुटला होता. पाचव्या दिवशी हाकावला, बेहुइच्या लहानपणापासूनच्या मित्राला, तो पार खालच्या बंधाऱ्याच्या काठाला सापडला.

करंगळीएवढी दोनशे त्रेसष्ट पिल्लं वाचली होती.

मातीचं सगळं उरकल्यावर लेक म्हणाली, "आई, आता शहरात चल, ताइचुंगला, माझ्याकडे. इथे एकटी काय करशील?"

"एकटी कुठे? तुझे आजोबा आहेत."

"त्यांनाही घेऊन चल."

"आणि मासे?"

लेकीने आपली पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसने गेली.

याबुंग आठव्या दिवशी कामावर हजर झाली. केंद्रप्रमुख फान सर सपाटीवरचे, विद्यापीठातून आलेले, चाळिशीचे गृहस्थ. त्यांनी तिला महिनाभर सुटी घ्यायला सांगून पाहिलं. ती ऐकेना. मग त्यांनी तो नाद सोडला.

केंद्रात एक नियम होता, तो फान सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे. माशांना आपण दिसायचं नाही. भिंतीआड उभं राहून नळीतून खाणं टाकायचं. माणसाची सावली पडली की खायला मिळतं, हे एकदा माशाला कळलं की तो बाहेर जगायच्या लायकीचा राहत नाही. याबुंगला हा नियम पाठ होता. नव्या बायकांना तिनेच किती वेळा दटावलं होतं, "लाड करायचेत तर घरी मांजर पाळा!"

पण त्या सप्टेंबरात एका दुपारी टाकी घासताना ती सहज वाकली, हाताला चिकटलेला खाण्याचा भुगा पाण्यात पडला, आणि दोन पिल्लं वर येऊन तिच्या बोटाला टोचून गेली. तिने हात तसाच ठेवला. आणखी चार आली. वादळानंतर पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपल्याकडे कुणीतरी येतंय. सांत्वन करायला नाही, नुसतंच येतंय.

त्यानंतर फान सर कचेरीत असले की ती हातानेच खायला घालू लागली. बोलूही लागली. आज गावात काय झालं, कोबीला काय कीड पडली, पोरीचा फोन आला की नाही. मधूनच म्हणायची, "तुमच्यासाठी गेला रे तो. नीट खा तरी." तिचं पाऊल वाजलं की आख्खी टाकी तिच्या बाजूला सरकायची. कडेने ती चालली की काळ्या ठिपक्यांच्या त्या दोनशे-अडीचशे चंदेरी अंगांचा थवा तिच्याबरोबर कडेकडेने चालायचा.

फान सरांच्या ते नजरेत आलं नव्हतं असं नाही. एकदा त्यांनी विचारलंही, "याबुंगताई, हे सावलीखाली का जमतात?"

"टाकी लहान पडतेय, सर. जातील कुठे?"

फान सरांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या नव्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि ते विषय न वाढवता निघून गेले.

घरी सासरा होता, नोमिन. लेकीसारखीच तीही त्याला युतास, म्हणजे आजोबा, म्हणायची. त्र्याऐंशी वर्षांचा. पाय अजून डोंगराचे होते, डोकं मात्र हातचं सुटत चाललं होतं. तरुणपणी पंचक्रोशीत त्याच्यासारखा मासेमार नव्हता. तेव्हा बुनबानला कायदा नव्हता. ओढ्यात इतके होते की पाहुणा आला तर चूल पेटवून मग मासे आणायला जायचे. पूर आला की ते कुठल्या कपारीत लपतात, हे बेहुइला त्यानेच शिकवलं होतं, आणि बेहुइने ते फान सरांना.

मुलाला पुरताना नोमिन उभा होता. तरी दोन महिन्यांत ते त्याच्या मनातून पुसून गेलं. संध्याकाळी जेवायला बसलं की विचारायचा, "बेहुइ कुठंय?"

पहिल्यांदा याबुंगने खरं सांगितलं. म्हातारा ताटावरून उठला आणि लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या दिवशी तिच्याने झालं नाही. ती म्हणाली, "वर ओढ्यावर गेलाय, युतास."

"पाणी चढलंय का?"

"हो, जरा चढलंय."

"मग उतरलं की येईल," म्हातारा म्हणाला आणि जेवू लागला. मग रोज तेच उत्तर, आणि रोज त्याचं समाधान.

वर्ष गेलं, वर दोन महिने गेले. पुढच्या ऑक्टोबरात मासे सोडायचे ठरले. दोनशे एकेचाळीस उरले होते, चांगले वीतभर लांब झालेले. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाचा शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर कापला होता. ते काम याबुंगनेच केलं. एकेकाला ओल्या हातात धरायचं, कात्री लावायची, सोडायचं. एकही तिच्या हातात फारसा तडफडला नाही. फान सर बाजूला उभे होते. वहीत लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला होता.

मोडक्या जुन्या बंधाऱ्याच्या वरच्या डोहात सोडायचे होते. गाडीरस्ता नाही, पाठीवर पाण्याच्या टाक्या बांधून दहा-बारा माणसं चढ चढून गेली. याबुंगनेही एक घेतली. काठावर पोचल्यावर ओढ्याचं पाणी हळूहळू टाक्यांत मिसळलं, आणि मग मासे सोडले. ते पाण्यात गेले, डोहात एक गिरकी मारून परत आले. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या याबुंगच्या बुटांभोवती गोळा झाले.

हाकाव हसला. "वहिनी, काय जादू केलीस? नवरा एवढा मागे-मागे फिरला नसेल तुझ्या!" आणि मग काय बोलून गेलो हे कळून त्याने जीभ चावली.

याबुंग मात्र हसत होती. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला अभिमान वाटला. चौदा महिन्यांत इतकं मोकळं ती हसली नव्हती. तिने मान वर केली तेव्हा फान सर काठावर बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"चला, ताई, बाहेर या," ते हळूच म्हणाले. "तुम्ही बाहेर आल्याशिवाय ते जाणार नाहीत."

त्यानंतर अकरा दिवसांनी ती कामावरून घरी आली, तर अंगणापासूनच भाजलेल्या माशाचा वास. नोमिनने चूल पेटवली होती. वर्षभरात त्याने चुलीला हात लावलेला तिने पाहिला नव्हता. केळीच्या पानावर पाच मासे मांडले होते, मीठ चोळलेले, वर डोंगरी मिरीचे काळे दाणे ठेचून टाकलेले. बाजूला चिकट बाजरीचा भात. म्हाताऱ्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"बस, पोरी. किती वाळलीस बघ. बस, गरम आहेत तोवर खा."

याबुंग बसली. पानावरच्या पहिल्या माशाची पाठ तिच्याकडे होती. शेपटीजवळ, जिथे छोटा पर असायला हवा, तिथे नुसता गुळगुळीत वण होता. दुसऱ्याचा तसाच. तिसऱ्याचाही.

"युतास, हे कुठून आणले?"

"बंधाऱ्याच्या वरून. काय सांगू तुला! जन्मभर मासे धरले, पण असं कधी पाहिलं नाही. गळ नको, जाळं नको. पाण्यात हात घातला की आपले आपण येतात. हातात येऊन थांबतात!" तो हात पुढे करून दाखवू लागला. "ओढ्याने आपल्याला ओळखलं गं. म्हाताऱ्याला आता पळणं होत नाही, तर तोच पाठवतोय."

"किती वेळा गेलात?"

"रोज जातो. तू कामावर गेलीस की जातो. वर बघ ना."

तिने वर पाहिलं. चुलीवरच्या धुराच्या मांडवात, जिथे पूर्वी रानडुकराचं मांस टांगायचे, तिथे मासे ओळीने टांगले होते. धुराने तपकिरी झालेले. तिने उठून मोजले. एकेचाळीस होते. घरात असताना ती मान वर करून कधी पाहतच नव्हती, आणि चूल तर ती महिनोन्महिने पेटवत नव्हती. मागच्या खोलीत गॅस होता. ती कामावरून येईपर्यंत म्हाताऱ्याची चूल रोज विझलेली असायची.

"ते बेहुइला ठेवलेत," नोमिन म्हणाला. "वरून दमून येईल. तू तुझे खा."

मासे फेकून द्यावेत, म्हाताऱ्याला गदगदा हलवावं, ओरडावं, असं तिला वाटलं. पण तो समोर बसून तिच्या तोंडाकडे पाहत होता, सुनेला जेवू घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी. तिने एक मासा उचलला आणि खाल्ला. काटे बाजूला ठेवले. चव चांगली होती, हे पुढे कधी तिला स्वतःलाही सांगवलं नाही. नोमिनने विचारलं, "बरा झालाय?" ती म्हणाली, "झालाय." आणि मग मागच्या खोलीत जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते एकेचाळीस मासे करंडीत भरून फान सरांच्या टेबलावर ठेवले. सगळं सांगितलं, हाताने खायला घातल्यापासून.

फान सरांनी करंडीतला एक मासा उचलून शेपटीजवळचा वण पाहिला. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "मला दिसत होतं, ताई. तेव्हाच तुम्हाला थांबवायला हवं होतं. माझ्याने झालं नाही."

"म्हाताऱ्याला तुरुंगात टाकतील का?"

"कळवावं तर लागेल. हे मला लपवता येणार नाही."

"मग माझं नाव लिहा. त्यांनी नुसता हात पुढे केला. हाताला यायला मी शिकवलं."

कळवलं गेलं. दुपारी चौकीतला हवालदार घरी आला, गावातलाच तरुण पोरगा. त्याचीही काही इच्छा नव्हती. वयाकडे बघून प्रकरण मिटवायचं हे त्याने येतानाच ठरवलं होतं. फक्त जबाब लिहून घ्यायचा होता. पण नोमिन त्याला दाद देईना.

"कुणाचे मासे? ओढा माझ्या बापाचा, त्याच्या बापाचा. तू कालचं पोर, तू मला सांगणार?"

"आजोबा, कायदा आहे. हे मासे धरायचे नसतात."

"माझा पोरगा तिथेच कामाला आहे. त्याला येऊ दे वरून, तो बोलेल तुझ्याशी."

हवालदार तीनदा समजावून थकला होता. शेवटी त्याचा तोल गेला. "अहो आजोबा, ह्याच माशांना वाचवताना तुमचा पोरगा गेला! आणि तुम्ही तेच खाताय!"

बोलून गेला आणि पांढराफटक पडला. याबुंग दारात होती. तिला पुढे यायलाही वेळ मिळाला नाही.

नोमिन रडला नाही. तो सावकाश वळला आणि त्याने सुनेकडे पाहिलं.

"तू म्हणत होतीस, ओढ्यावर गेलाय."

"युतास..."

"रोज म्हणत होतीस."

"तुम्हाला रोज नव्याने मारायचं माझ्या जिवावर यायचं, युतास."

म्हाताऱ्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, उलटे करून, सुलटे करून. "मग मी काय खाल्लं गं?" त्याने विचारलं. हवालदार टोपी हातात घेऊन उभा होता; तो तसाच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नोमिन सगळं विसरला होता. हवालदार विसरला, मासे विसरला. पण बेहुइ कुठंय हे त्याने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ओढ्याच्या दिशेला तो पुन्हा फिरकला नाही. याबुंग बंधाऱ्याचं नाव काढायची तेव्हा तो अंग चोरून घ्यायचा, कुठल्या भीतीने ते त्यालाही कळत नसावं. फेब्रुवारीत, पीचची झाडं फुलायच्या आत, त्याने अंथरूण धरलं आणि आठ दिवसांत गेला. पुरताना लेक आली होती. या खेपेला ती आईला चल म्हणाली नाही. नुसती जवळ बसून राहिली.

पण मधल्या दिवसांतलं एक सांगायचं राहिलं. म्हाताऱ्याचा प्रकार उघड झाल्यावर फान सरांनी हाकावला डोहात उतरवून मोजणी करून घेतली. एकशे तीस भरले. शंभराच्या वर गेले होते. काही नोमिनने नेलेले, काही बगळ्यांनी. कारण बगळ्याची सावली पडली तरी ते वरच येत होते.

"उरलेल्यांना भीती घालावी लागेल," फान सर म्हणाले. "रोज. माणूस दिसला की पळायचं, हे अंगात मुरेपर्यंत. हाकाव करेल ते."

"हाकावला ते ओळखत नाहीत," याबुंग म्हणाली. "त्याला घाबरतील आणि माझ्याकडे येतील. मलाच करायला हवं."

"ताई, नको."

"मीच बिघडवलं, सर."

ती बांबू घेऊन डोहात उतरली. मासे आले. नेहमीसारखे, बुटांभोवती, तोंडं वर करून. तिने बांबू उगारला आणि पाण्यावर आपटला. ते उधळले, कपारीत शिरले, आणि थोड्या वेळाने परत आले. त्यांना वाटलं असेल, चुकून झालं. तिने पुन्हा आपटला. त्या दिवशी ते सतरा वेळा परत आले. हाकाव काठावर मोजत होता, मग त्याने मोजणं सोडलं आणि तोंड फिरवून बसला.

तिसऱ्या दिवशी ती दगडही मारू लागली. "जा! जा ना रे!" ती ओरडत होती. "काय आहे माझ्याजवळ? काय द्यायचंय मला तुम्हाला? जा!" पाचव्या दिवशी एक मासा नेमका बांबूखाली आला आणि पोट वर करून तरंगत राहिला. तिने तो उचलला, काठावर ठेवला, आणि पुन्हा पाण्यात जाऊन बांबू उगारला.

नवव्या दिवशी ती काठाशी आली, सावली पाण्यावर पडली, आणि डोह रिकामा झाला. एक चंदेरी रेघ दगडाखाली गेली, एवढंच दिसलं. ती तरी पाण्यात उतरली आणि बांबू आपटत राहिली, रिकाम्या पाण्यावर, कितीतरी वेळ. शेवटी हाकावने उतरून तिच्या हातातून तो काढून घेतला.

"बास, वहिनी. गेले. बास आता."

पुढच्या जुलैत नेहमीची मोजणी झाली. हाकाव रबरी कपडे चढवून, तोंड पाण्यात घालून, बंधाऱ्यापासून वर दिवसभर सरपटत गेला. संध्याकाळ व्हायच्या आत केंद्रात आला तेव्हा याबुंग नव्या पिल्लांच्या टाकीपाशी, भिंतीआड, नळीतून खाणं टाकत होती. तोंडातून चकार शब्द न काढता.

"सदतीस," तो म्हणाला. "पर कापलेले सदतीस. दोन माद्यांची पोटं भरायला लागलीत. या शरदात अंडी घालतील."

याबुंगने नळी खाली ठेवली. "तुला बघून पळाले?"

"पळाले. मी नीट मोजायच्या आत."

तिने मान हलवली. डोळे भरून आले ते तिने बाहीने पुसले.

"चल ना एकदा," हाकाव म्हणाला. "वरच्या खडकाआडून लांबूनच दिसतात. मोठे झालेत गं. बघून ये."

"नको."

"लांबून, वहिनी. त्यांना कळणारही नाही."

"आणि एखाद्याने ओळखलं तर?" ती म्हणाली. "एखादा आलाच जवळ, तर मी काय करू, हाकाव? पुन्हा मारू?"

तिने बादली उचलली आणि ती पुढच्या टाकीकडे गेली.